खिडकीतला हुक

नववर्षाच्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजता एर्लेंड ड्रेव्हर काठी टेकत बैठकीच्या खोलीत आला, तेव्हा त्याचे एकोणऐंशी वर्षांचे वडील स्टुलावर चढून खिडकीच्या चौकटीत हुक बसवत होते.

“खाली उतरा आधी,” एर्लेंड म्हणाला.

“झालंच. दोन आटे राहिलेत.”

“बाबा, त्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे.”

“तुझ्यापेक्षा धड उभा आहे तो,” एडविन म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कानावर पडल्यावर त्यांचा हात थांबला.

एर्लेंड हसला. गेल्या सहा वर्षांत घरात त्याच्या पायावर कोणी विनोद केला नव्हता. सगळे त्याच्याशी पावलं न वाजवता चालल्यासारखं बोलत. म्हाताऱ्याच्या तोंडून चुकून सुटलेलं ते वाक्य त्याला मनापासून आवडलं. हुक मात्र आवडला नाही.

उत्तरेकडच्या बेटांवरच्या कर्कवॉल गावात रस्त्याकडच्या खिडकीत मधोमध हुक दिसला की त्याचा अर्थ एकच. कुंडीला, दिव्याला, पडद्याला दुसऱ्या जागा असतात. तो हुक चेंडूचा. नाताळला आणि नववर्षाला गावाच्या दोन बाजूंत होणाऱ्या खेळात ज्याच्या नावावर चेंडू झाला, त्याच्या खिडकीत तो जन्मभर टांगलेला राहतो आणि पुढे मुलाच्या खिडकीत जातो. एडविन यांच्या खिडकीत असे तीन होते: आजोबांचा १९११चा, वडिलांचा १९३७चा आणि त्यांचा स्वतःचा १९७४चा. एर्लेंड तेवीस वर्षं बंदरवाल्यांच्या बाजूने खेळला आणि त्याच्या नावावर एकही नव्हता. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या अडखळण्याला एमएस, म्हणजे मज्जातंतूंचा आजार, हे नाव दिलं. त्या बेटांवर ते नाव कोणाला समजावून सांगावं लागत नसे, प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी होतंच. एर्लेंडने बूट माळ्यावर टाकले, पुढच्या वर्षी खेकड्यांची बोटही विकली.

“हुक कशाला?” त्याने विचारलं.

“असू दे. कुंडी लावता येईल.”

“मेरन कुंड्या लावत नाही. गेल्या खेपेची तुम्हीच आणलेली कुंडी तिने पाणी न घालता मारली.”

“मग दिवा लाव.”

“ड्रिल कोणाचं आहे?”

एडविन यांनी ड्रिलकडे असं पाहिलं, जणू ते आत्ताच कोणीतरी त्यांच्या हातात ठेवलं होतं. ड्रिलच्या मुठीला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. एर्लेंडचा धाकटा भाऊ लेस्ली सुतार होता आणि आपल्या सगळ्या हत्यारांना निळी पट्टी लावायचा.

“लेस्लीचं,” म्हातारा म्हणाला.

एर्लेंड आरामखुर्चीच्या हातावर टेकला. आता हिशेब सोपा होता. दुपारी एकला कॅथीड्रलसमोर चेंडू वर उडवला जाईल. वरवाले तो गावाच्या वरच्या टोकाच्या कोपऱ्याकडे रेटतील, बंदरवाले समुद्राकडे. दोन-अडीचशे पुरुष तीन-चार तास एकमेकांच्या बरगड्या दाबत राहतील. चेंडू त्या कोपऱ्याला टेकला किंवा पाण्यात पडला की एक बाजू जिंकते; मग त्या बाजूची जाणती माणसं तिथल्या तिथे एकाचं नाव पुकारतात, आणि चेंडू त्या एकाचा होतो. यंदा बंदरवाले जिंकले तर नाव लेस्लीचं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लेस्ली पंचेचाळीस वर्षांचा, सव्वीस वर्षं खेळत आलेला. मग हुक लेस्लीच्या खिडकीत हवा.

“बाबा, तुम्ही किती जणांशी बोललात?”

“चौघांशी,” एडविन म्हणाले. मग जरा ताठ झाले. “चांगली माणसं आहेत. सगळ्यांना पटलंय. लेस्लीलाही पटलंय. तो तुझं नाव घेणार, आणि चौघं उचलून धरणार.”

“आणि मेरन?”

म्हातारा स्टुलावरून उतरला. त्याला बराच वेळ लागला. उतरून झाल्यावर तो म्हणाला, “मेरनला तूच विचार.”

*

त्याची बायको मेरन स्वयंपाकघरात बार्लीच्या सुपात गाजरं टाकत होती.

“धुण्याच्या खोलीला दोन दिवस कुलूप का आहे?” एर्लेंडने विचारलं.

“मशीन बिघडलंय.”

“बिघडलेल्या मशीनला कुलूप लावतात?”

“पळून जाऊ नये म्हणून.”

तो टेबलाशी बसला. मेरनने हातातलं गाजर चिरून संपवलं. मग तिने ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढून त्याच्यासमोर ठेवली. “बघायचं तर बघ. चारशे सॉसेज रोल आहेत. सहा केक. बियर शेजारच्या गॅरेजमध्ये आहे. ज्याचा चेंडू त्याच्या घरी सगळं गाव जेवायला येतं, मग मी काय त्यांना बिस्किटं देऊ?”

“कधीपासून चाललंय हे?”

“नोव्हेंबरपासून. बाबा आले होते. तू डॉक्टरांकडे गेला होतास, त्या दिवशी.” तिने सुरी खाली ठेवली. “चिडू नकोस, एर्लेंड. मला वाटलं, तुला हवा असेल.”

“हवा होता.” तो थांबला. खोटं बोलून काही उपयोग नव्हता. एकोणतीस वर्षं ही बाई त्याचे ओले मोजे वाळवत आली होती. “आत्ताही हवाय. फार हवाय.”

“मग?”

“मग असा नको. मेरन, यंदाचा चेंडू मी शिवलाय.”

“ते मला माहीत आहे. सगळा ऑक्टोबर या टेबलावर चामडं होतं. मी उभ्याने जेवले.”

“मग विचार कर. मी शिवायचा, त्यांनी तीन तास त्यासाठी मार खायचा, आणि शेवटी माझ्याच मांडीवर आणून ठेवायचा? पोराला खाऊ देतात तसा? मला तो कोणीतरी जिंकून न्यायला हवाय. कोणीतरी म्हणजे असा माणूस, ज्याला त्याच्यासाठी पाण्यात उडी मारावीशी वाटेल.”

मेरनने पातेल्यावर झाकण ठेवलं. “हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. कोणीच विचारत नाही. सगळे विचारतात, पाय कसा आहे. शिवण कशी झाली, हे आजवर एकाने विचारलेलं नाही.”

त्यात तक्रारीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. बोट विकल्यावर तो वर्षभर बैठकीच्या खोलीतल्या खिडकीत बसून होता. मग म्हातारा टॉमी कर्सिटर, ज्याने चाळीस वर्षं गावाचे चेंडू शिवले, तो एका सकाळी आत आला आणि म्हणाला, जाळी विणलेले हात नुसते ठेवून काय करतोस? एर्लेंडने सांगितलं की बोटांना काही कळत नाही, दाभण टोचलं तरी रक्त दिसल्यावर समजतं. टॉमी म्हणाला, मग टोचल्याचं दुःख तरी होणार नाही. पहिला चेंडू अंड्यासारखा झाला. दुसऱ्याची शिवण आत भरायचा बुचाचा भुसा ठासताना उसवली. तिसरा नोव्हेंबरमध्ये समितीने पसंत केला आणि नाताळआधी तो आठवडाभर पेठेतल्या दुकानाच्या काचेमागे होता: आठ पाकळ्या, चार काळ्या, चार तपकिरी. एर्लेंड रोज एकदा त्या दुकानावरून गेला. त्या आठवड्यात त्याला काही खरेदी नव्हती.

“चारशे सॉसेज रोलचं काय करू?” मेरन म्हणाली.

“लेस्लीच्या नावाने खाऊ घाल.”

“लेस्लीच्या त्या एका खोलीत? तिथे दोन माणसं बसली की तिसऱ्याला जिन्यात उभं राहावं लागतं.”

*

साडेअकराला लेस्ली जेवायला आला. अंगात जुनी फाटकी जर्सी, विजारीची टोकं बुटांवर चिकटपट्टीने घट्ट गुंडाळलेली. खेळात काचा फुटू नयेत म्हणून आदल्या दिवशी त्याने पेठेतल्या अकरा दुकानांच्या काचांवर लाकडी आडणे ठोकले होते आणि आज तोच त्या आडण्यांवर आपटला जाणार होता. आत येताच त्याने खिडकीतल्या हुकाकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग भावाकडे.

“कोणी सांगितलं?”

“हुकाने,” एर्लेंड म्हणाला. “बस. सूप घे.”

“बाबा, मी म्हटलं होतं ना, खेळ झाल्यावर बसवू?”

“झाल्यावर सगळी माणसं घरात असतात, तेव्हा काय भोकं पाडत बसायची?” एडविन म्हणाले.

चौघं जेवायला बसले. 

“लेस्ली,” एर्लेंड म्हणाला, “खरं बोल. तुला तो नकोय का?”

लेस्लीने पाव तोडला, पण तोंडात घातला नाही.

“अरे, सव्वीस वर्षं झाली. हवाय म्हणजे काय! दोन बरगड्या, एक दात आणि एक बायको गेली त्यात.”

“बायको त्यात नाही गेली,” मेरन म्हणाली.

“बरं, बायको वेगळी गेली.”

“मग मला कशाला देतोस?”

“कारण तू माझ्या आधीचा आहेस. तू खेळत राहिला असतास तर तुझं नाव माझ्या आधी आलं असतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी तो माझ्या खिडकीत लावला तर रोज सकाळी मला तेच दिसेल.”

“आधी थोरल्याचं,” एडविन म्हणाले.

“बाबा, हे काय लग्न आहे?” एर्लेंड म्हणाला. “मी खेळत राहिलो असतो तर मी बऱ्याच गोष्टी असतो. कदाचित समुद्रात बुडालोही असतो. ज्या माणसाला तुम्ही चेंडू देताय तो माणूस इथे नाही. इथे जो बसलाय त्याने तो शिवलाय. त्याला तुम्ही काय देताय?”

 एर्लेंडने चमचा खाली ठेवला, तो बशीवर वाजला. हात दमला की वाजायचा.

“नीट ऐक,” तो लेस्लीला म्हणाला. “माझ्या हातात दिलास, तर मी तो परत पाण्यात फेकीन आणि तुलाच पुन्हा उडी मारायला लावीन. जानेवारी आहे.”

“आणि ते चौघं ओरडले तर? बाबांनी त्यांना शब्द दिलाय. एकदा का लोक ओरडायला लागले, की मग मी नाही म्हणणारा कोण?”

“ते तू ठरव.”

“हो, सगळे मला हेच म्हणतात,” लेस्ली उठत म्हणाला. “बाबा म्हणतात देऊन टाक, तू म्हणतोस ठेव, आणि शेवटी ठरवायचं मी. ते पण पाण्यात उभं राहून.” त्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला, जरुरीपेक्षा हलका, आणि तो निघून गेला.

एर्लेंडला त्या हलकेपणाचाच राग आला. पूर्वी लेस्ली जाताना पाठीत गुद्दा घालायचा.

*

एक वाजता कॅथीड्रलची घंटा झाली आणि पाठोपाठ गर्दीचा हुंकार छपरांवरून बंदरापर्यंत आला. एर्लेंड आणि एडविन मासळीच्या शेडच्या आडोशाला दोन घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. जागा एर्लेंडने चार दिवसांपूर्वी येऊन ठरवली होती. वारा पाठीमागे, फेरीबोटीच्या प्रतीक्षालयातलं शौचालय साठ पावलांवर, मधे पायरी नाही. तो आता गाव असंच ओळखायचा. पूर्वी त्याला खडक आणि प्रवाह पाठ होते, तशा पायऱ्या.

दोन वाजेपर्यंत पेठेच्या तोंडाशी फक्त वाफ दिसत होती. शेकडो घामट पुरुष एका जागी रेटत उभे राहिले की त्यांच्यावर तशी वाफ उठते. मधूनमधून कोणी खालच्या बाजूला येई.

“कुठवर आलंय?” एडविन विचारत.

“बँकेपाशी अडकलंय. वरवाल्यांचा जोर आहे.”

“चेंडू अजून गोल आहे का?” एर्लेंड विचारी.

“चेंडू दिसतोय कुणाला?”

तिघांना त्याने हेच विचारलं. चौथी एक बाई होती, नवरा गर्दीत असलेली. ती म्हणाली, “गोल असेल नाही तर कसा? तू शिवलास ना?” आणि पुढे गेली. एर्लेंड बराच वेळ त्या बाईच्या पाठमोऱ्या कोटाकडे पाहत राहिला.

तीन वाजता मेरन थर्मास घेऊन आली, त्याच्या गुडघ्यांवर दुसरं ब्लँकेट टाकलं आणि घरी चल म्हणाली नाही. ते तिने मुद्दाम केलं होतं. ती गेल्यावर साडेतीनपर्यंत अंधार पडला आणि बंदराचे दिवे लागले.

“त्या वर्षी मी ओरडलो होतो,” एडविन एकदम म्हणाले.

एर्लेंडला कोणतं वर्ष हे विचारावं लागलं नाही; तो त्याचा शेवटचा खेळ होता.

“तू दोनदा पडलास. त्या कोपऱ्यावर. आणि मी भिंतीपाशी होतो. मी ओरडलो, ऊठ, पिऊन आलायस का? सगळ्यांनी ऐकलं.”

“मीही ऐकलं होतं.”

“आणि तू उठलास.”

“उठलो. अर्धा तास खेळलोही त्यानंतर.”

“मला माहीत नव्हतं, एर्लेंड.”

“मला तरी कुठे माहीत होतं, बाबा? मलाही वाटलं, आदल्या दिवसाची बियर असेल.”

म्हातारा हसला नाही. त्याने हातमोजे काढले, पुन्हा घातले. एर्लेंडला अचानक सगळं उमगलं: स्टूल, ड्रिल, चौघं माणसं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस आखूड पायाच्या स्टुलावर त्या एका वाक्यासाठी चढला होता.

“म्हणून हुक?” त्याने विचारलं.

“म्हणून.”

“त्यापेक्षा मला काहीतरी विचारा.”

“काय विचारू?”

“काहीही. फक्त पायाचं सोडून.”

एडविन यांनी खूप विचार केला. कपाळावर आठ्या आल्या. शेवटी ते म्हणाले, “थंडी वाजतेय का तुला?”

“हे पायाचंच झालं, बाबा.”

“अरे हो,” एडविन म्हणाले, आणि मग दोघंही हसू लागले.

*

चार वाजून वीस मिनिटांनी पेठेच्या तोंडातून आवाज फुटला. कोणीतरी चेंडू गर्दीतून काढला होता आणि सगळा जमाव एकदम सुटून उताराने धावत येत होता. वरवाले आडवे पडत होते, बंदरवाले त्यांच्यावरून येत होते. धक्क्याच्या दिव्याखाली तो गोळा क्षणभर डोक्यांवर दिसला आणि काळ्या पाण्यात पडला. पाठोपाठ तीन माणसं पडली. एर्लेंड नकळत उभा राहिला होता. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली.

चेंडू वर आला. बुचाने भरलेला, तो तरंगत होता. दिव्याच्या उजेडात एर्लेंडने पाहिलं: गोल होता.

ज्याने तो पाण्यात धरला तो लेस्ली होता. त्याला कॉलरला धरून धक्क्याच्या उतारावरून वर ओढलं, तेव्हा त्याचे ओठ निळे होते आणि चेंडू त्याने छातीशी असा दाबला होता, जणू कोणी काढून घेईल. बंदरवाले ओरडत होते. “लेस्ली! लेस्ली ड्रेव्हर!” आवाज वाढत गेला. मग त्यातून एक घोगरा आवाज निराळा आला.

“एर्लेंड!”

मग दुसरा. चौघांपैकी दोघं. “एर्लेंड ड्रेव्हर!”

ओरडणं विस्कटलं. माणसं मागे वळली. घामाने आणि पाण्याने भिजलेले दोनशे चेहरे शेडच्या आडोशाकडे पाहू लागले. त्यांतल्या बऱ्याच जणांबरोबर तो तेवीस वर्षं त्या गर्दीत खांद्याला खांदा लावून उभा राहिला होता. कोणाच्याच चेहऱ्यावर दया नव्हती, असं त्याला नंतर आठवलं. ते नुसते वाट पाहत होते. लेस्लीही पाहत होता. एर्लेंडने हनुवटी किंचित खाली केली असती, तरी ते त्याला उचलणार होते. खांद्यांवर. तिथे पाय लागत नाहीत.

त्याला तो हवा होता. तोंडाला पाणी सुटावं तसा हवा होता.

“लेस्ली!” तो ओरडला. आवाज थंडीने चिरका निघाला. “अरे, शिवण बघ आधी! उसवली का कुठे?”

लेस्लीने भांबावून चेंडूकडे पाहिलं. मग तो दिव्याखाली धरून, दात वाजत असताना, एकेक पाकळी फिरवून बघू लागला. सगळं बंदर त्याच्याबरोबर बघू लागलं.

“एक टाका नाही सुटलेला!” तो ओरडला.

“मग घरी घेऊन जा! सगळा ऑक्टोबर तो माझ्या जेवणाच्या टेबलावर होता. बायको उभ्याने जेवली. परत आणलास तर ती दोघांनाही बाहेर काढेल!”

हशा पिकला. पण नाव अजून हवेतच होतं. लेस्लीने चेंडू खाली केला नव्हता आणि वरही केला नव्हता. तो भावाकडे बघत नव्हता, त्याच्या शेजारी बघत होता.

एडविन उठून उभे राहिले. १९७४चा विजेता बंदरावर उभा राहिला की माणसं गप्प होत. त्यांनी एर्लेंडची काठी उचलली आणि शेडच्या पत्र्यावर जोराने आपटली.

“लेस्ली!” ते ओरडले. “लेस्ली ड्रेव्हर!”

त्या चौघांनीच मग लेस्लीला खांद्यांवर घेतलं. वर गेल्यावर त्याने दोन्ही हातांनी चेंडू डोक्यावर धरला. त्याच्या बाहीतून पाणी त्या चौघांच्या मानेत गळत होतं आणि ते शिव्या देत होते.

*

सहा वाजता गाव एर्लेंडच्या घरात होतं. चारशे सॉसेज रोल तिथे होते, त्यामुळे दुसरा काही पर्यायच नव्हता. जिन्यात, बागेत, धुण्याच्या खोलीत माणसं उभी होती. वरवालेही आले होते, कारण खेळ संपल्यावर बियर कोणाच्या बाजूची नसते. लेस्ली मेरनच्या फुलाफुलांच्या ड्रेसिंग गाउनमध्ये शेगडीपाशी बसून सगळ्यांचे गुद्दे पाठीवर घेत होता.

चेंडू खिडकीतल्या हुकाला टांगला होता. वाळेपर्यंत, असं लेस्लीने जाहीर केलं होतं. त्याखाली मेरनने केकचं पातेलं ठेवलं होतं आणि त्यात समुद्राचं पाणी थेंबथेंब पडत होतं.

एर्लेंड खिडकीजवळच्या खुर्चीत होता. दिवसभराचा थकवा आता एकदम आला होता. त्याचा थकवा हळूहळू येत नसे, दार ढकलून येई. पाय त्याचे नव्हते, हात जवळजवळ नव्हते, शब्द शोधावे लागत होते. उद्या तो दिवसभर अंथरुणात असणार होता. तरी त्याला आत जावंसं वाटत नव्हतं. माणसं येऊन चेंडूवर अंगठा फिरवत, शिवणीकडे डोळे बारीक करून पाहत आणि त्याला विचारत. दोरा किती पदरी? भुसा ठासायला काय वापरलंस? एका वरवाल्याने सांगितलं की दुपारी बँकेपाशी तो चेंडू अर्धा तास त्याच्या पोटाखाली होता आणि दगडासारखा होता, साला. एर्लेंडचं तसं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं.

लेस्ली उठून त्याच्यापाशी आला. “उद्या नेतो,” तो म्हणाला.

“ने.”

“हुक राहू दे इथेच. नवा शिवलास की वाळवायला होईल.” त्याने भावाच्या पाठीत गुद्दा घातला. चांगला, जुना गुद्दा. एर्लेंडच्या हातातला चहा सांडला.

“अरे गाढवा!”

“तुझा हात थरथरतो, त्याला मी काय करू?” लेस्ली म्हणाला, आणि मेरनचा गाउन सावरत निघून गेला.

एडविन आतापर्यंत भिंतीजवळ उभे होते. गर्दी जेवणाकडे वळल्यावर ते खुर्ची ओढून चेंडूसमोर बसले. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“एर्लेंड.”

“काय?”

“तुझ्या बोटांना कळत नाही ना? मग टाका घट्ट बसला हे तुला समजतं कसं?”

एर्लेंडने मान वळवून वडिलांकडे पाहिलं. म्हातारा उत्तराची वाट पाहत होता.

“कानाने,” तो म्हणाला. “मेण चोळलेला दोरा चामड्यातून जाताना करकरतो. बसला की करकर थांबते. म्हणून मी रेडिओ बंद ठेवतो शिवताना.”

“आणि शिवण सारखी आहे की नाही, ते?”

“ओठाने. ओठांना अजून सगळं कळतं. रांग पुरी झाली की खालचा ओठ फिरवतो तिच्यावरून. मेरन हसते.”

एडविन यांनी चेंडू दोन्ही हातांत धरून जवळ घेतला. दोरी ताणली गेली. त्यांनी डोळे मिटले आणि खालचा ओठ शिवणीवर टेकवून चेंडू सावकाश फिरवू लागले. एक शिवण झाली, दुसरी झाली. खोलीतल्या दोघाचौघांचं लक्ष गेलं आणि ते जवळ सरकले. समुद्राचं पाणी म्हाताऱ्याच्या हनुवटीवरून शर्टात उतरत होतं.

शेवटच्या शिवणीवर, जिथे भुसा भरून तोंड बंद करतात, तिथे ते थांबले. मागे गेले. पुन्हा पुढे आले.

“इथे,” त्यांनी डोळे उघडले. “इथे एक टाका वर आलाय.”

“माहीत आहे. तीन वेळा उसवून घातला तो.”

“मग चौथ्यांदा उसवायचा होता!” एडविन यांचा आवाज चढला. “हे काय काम झालं? समितीने पसंत कसा केला हा? डोळे होते की बटणं? असला टाका घालून तू तो दुकानात आठवडाभर मांडलास, सगळ्या गावासमोर?”

मेरन दारातून धावत आली आणि तिने विचारलं काय झालं.

“काही नाही,” एर्लेंड म्हणाला. त्याचा चेहरा हसून हसून दुखत होता. “बाबा ओरडतायत माझ्यावर.”